कंडेन्सेट लाइनवरचा कंट्रोल वॉल्व्ह: साइज कसा काढायचा आणि कसा बसवायचा

वाफेने पाणी तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरखाली कंडेन्सेट पॉट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, गोळा करणारं भांडं) आहे, पॉटवर लेव्हल कंट्रोल वॉल्व्ह आहे. वॉल्व्हच्या साइजचा हिशोब साध्या पाण्याचाच केलेला. प्लँट पूर्ण लोडवर गेला की वॉल्व्ह १०० टक्के उघडा आणि पॉटमधली लेव्हल तरी चढतेच आहे. कंडेन्सेट एक्स्चेंजरमध्ये शिरतं, ट्यूब पाण्यात बुडतात, तापमान पडतं, ऑपरेटर बायपास उघडतो आणि मग तो बायपास वर्षभर तसाच राहतो.

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. कंडेन्सेट हे साधं पाणी नाही, ते उकळण्याच्या काठावर उभं असलेलं पाणी आहे. वॉल्व्हमध्ये दाब पडला की त्यातल्या काही भागाची वाफ होते. वॉल्व्हच्या आधीची लाइन पाण्याची, नंतरची लाइन जवळजवळ वाफेची. एवढी गोष्ट धरून ठेवली तर पुढचा सगळा हिशोब सुटतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. ताशी ७५ टन पाणी ६० अंशांवरून ८० अंशांवर न्यायचं आहे. एक्स्चेंजरच्या शेलमध्ये पूर्ण लोडला वाफेचा दाब ५ बार गेज. कंडेन्सेट ०.५ बार गेजच्या रिटर्न हेडरमध्ये (सगळ्या मशीनचं कंडेन्सेट परत नेणारी सामाईक पाइप) जातं. तापमान वाफेच्या बाजूच्या कंट्रोल वॉल्व्हने सांभाळलं जातं, कंडेन्सेटच्या बाजूला पॉट आणि लेव्हल वॉल्व्ह.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक्स्चेंजरची डेटाशीट: पूर्ण लोड आणि सर्वांत कमी लोड, दोन्ही
- स्टीम टेबल
- पाइपिंगचा आयसोमेट्रिक, उंचींसह
- रिटर्न हेडरचा प्रत्यक्ष मोजलेला दाब (ड्रॉइंगवर लिहिलेला चालणार नाही)
- वॉल्व्ह कंपनीच्या कॅटलॉगमधले केव्हीएस (पूर्ण उघडल्यावरची क्षमता) आणि एफएल (वॉल्व्हनंतर दाब कितपत सावरतो ते दाखवणारा) हे आकडे
- आयबीआरची (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) कागदपत्रं. वाफेचा दाब ३.५ किलो प्रति चौरस सेंमी गेजच्या वर गेला की ती पाइप आयबीआरखाली येते. वॉल्व्हसोबत फॉर्म ३-सी (उत्पादकाचं प्रमाणपत्र) मागा, वेल्डर आयबीआर पात्रतेचा घ्या. कंडेन्सेट पॉटमध्ये वाफेचाच दाब असतो, म्हणून पॉट कोणत्या नियमात बसतो हे ऑर्डर देण्याआधीच बाष्पक निरीक्षकांशी बोलून ठरवा. पॉट तयार होऊन दारात आल्यावर हा प्रश्न विचारणं फार महागात पडतं.

१. आकडे एका भाषेत आणा

शॉपफ्लोअरवर गेज किलो प्रति चौरस सेंमीमध्ये असतात, कॅटलॉग बारमध्ये, स्टीम टेबल ॲब्सोल्यूटमध्ये. १ बार म्हणजे १.०२ किलो प्रति चौरस सेंमी, हा फरक किरकोळ आहे. पण गेज (वातावरणाच्या वरचा दाब) आणि ॲब्सोल्यूट (वातावरणाचा साधारण १ बार धरून एकूण दाब) यांची गल्लत किरकोळ नाही. कमी दाबाच्या रिटर्न हेडरवर ०.५ आणि १.५ यांत अख्खा हिशोब उलटतो. म्हणून सुरुवातीलाच सगळं ॲब्सोल्यूटमध्ये करून घ्या:

- एक्स्चेंजर: ६ बार ॲब्सोल्यूट, १५८.८ अंश
- रिटर्न हेडर: १.५ बार ॲब्सोल्यूट, १११.४ अंश
- कंडेन्सेट: ताशी ३००० किलो. ६ बारवर त्याची घनता घनमीटरला ९०८ किलो, म्हणजे ताशी ३.३ घनमीटर

२. फ्लॅश (दाब पडताच होणारी वाफ) किती होणार ते काढा

६ बारवरच्या पाण्यात किलोला ६७० किलोज्यूल उष्णता आहे. १.५ बारवर पाणी ४६७ च धरून ठेवू शकतं. उरलेल्या २०३ ची वाफ होते. १.५ बारवर एक किलो वाफ करायला २,२२६ किलोज्यूल लागतात, म्हणजे फ्लॅश साधारण ९.१ टक्के.

वजनाने ९ टक्के ऐकून लोक पुढे जातात. इथे थांबा. ताशी ३००० किलोतले २७४ किलो वाफ झाले. १.५ बारवर एक किलो वाफ १.१६ घनमीटर जागा घेते, म्हणजे ताशी सुमारे ३१७ घनमीटर वाफ. उरलेलं पाणी जेमतेम २.९ घनमीटर. वॉल्व्हच्या पलीकडच्या पाइपमध्ये जागेच्या हिशोबाने ९९ टक्के वाफ वाहते आहे.

३. वॉल्व्हला प्रत्यक्षात किती दाबफरक वापरता येतो

इथेच बहुतेक हिशोब चुकतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

केव्ही म्हणजे १ बार दाबफरकाला वॉल्व्हमधून ताशी किती घनमीटर पाणी जातं तो आकडा. त्याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

केव्ही = प्रवाह (घनमीटर प्रति तास) × √(सापेक्ष घनता ÷ दाबफरक)

वॉल्व्हच्या आधी ६.२ बार धरू (६ बार, अधिक पॉटमधली लेव्हल वॉल्व्हच्या ३ मीटर वर असल्याने मिळालेले ०.२७ बार, वजा पाइप आणि स्ट्रेनरमधला घट). नंतर १.५ बार. दाबफरक ४.७ बार. सूत्रात टाकलं की केव्ही १.४५ येतो. कॅटलॉगमधून २.५ चा वॉल्व्ह निवडला, वर भरपूर मार्जिनही दिसतं. आणि तो वॉल्व्ह पूर्ण लोडला अपुरा पडतो.

कारण पाणी वॉल्व्हच्या सीटपाशी पोचतं तेव्हाच त्याची वाफ व्हायला लागते. वाफेने तो गळा भरून जातो आणि पलीकडचा दाब कितीही कमी केला तरी प्रवाह वाढत नाही. यालाच चोक फ्लो म्हणतात. वापरता येणारा जास्तीत जास्त दाबफरक असा:

चोक दाबफरक = एफएल² × (आधीचा दाब − एफएफ × बाष्पदाब)

एफएफ = ०.९६ − ०.२८ × √(बाष्पदाब ÷ २२०.६). इथला २२०.६ हा पाण्याचा क्रिटिकल दाब, बारमध्ये. बाष्पदाब ६ असताना एफएफ ०.९१४ येतो. ग्लोब वॉल्व्हचा एफएल ०.९ धरला (कॅटलॉगमधला खरा आकडा घ्या), तर:

०.८१ × (६.२ − ५.४८) = ०.५८ बार

म्हणजे ४.७ पैकी फक्त ०.५८ बार कामाचे! आता तेच सूत्र: केव्ही = ३.३ × √(०.९०८ ÷ ०.५८) = ४.१. आधीच्या उत्तराच्या जवळजवळ तिप्पट. कॅटलॉगमध्ये सीव्ही (हाच आकडा अमेरिकन एककांत) दिला असेल तर केव्हीला १.१५६ ने गुणा.

आणखी एक गोष्ट याच हिशोबातून दिसते. कंसातला फरक फक्त ०.७२ बार आहे, आणि त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा त्या ३ मीटर उंचीने दिला आहे. स्ट्रेनर तुंबून ०.२ बार खाऊन गेला की वॉल्व्हची क्षमता १५ टक्क्यांनी घटते. साध्या पाण्याच्या लाइनवर ०.२ बार कुणी मोजतही नाही. कंडेन्सेटवर मोजावे लागतात.

बॉल आणि बटरफ्लाय वॉल्व्हचा एफएल बराच कमी असतो, त्यामुळे ते लवकर चोक होतात. या जागेवर ग्लोब किंवा अँगल बॉडीच घ्या.

४. कमी लोडला काय होतं ते तपासा

लोड कमी झाला की वाफेचा वॉल्व्ह मिटतो, एक्स्चेंजरमधला दाब उतरतो, आणि कंडेन्सेटला ढकलणारी ताकदच कमी होते. पाण्याचा प्रवाह तोच ठेवून उष्णतेची गरज कमी झाली, तर आपल्या उदाहरणात वाफेचं तापमान असं चालतं: ८० + ७८.८ × लोड.

- ६० टक्के लोड: १२७ अंश, सुमारे २.५ बार ॲब्सोल्यूट, लागणारा केव्ही ३.२
- ४५ टक्के लोड: ११५.५ अंश, सुमारे १.७ बार, केव्ही २.४
- ४० टक्के लोड: १११.४ अंश. आतला दाब आणि हेडरचा दाब सारखा

४० टक्क्यांच्या खाली वॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी कंडेन्सेट फक्त उंचीच्या जोरावर जाईल. ३ मीटरचं बळ धरलं तर कागदावर ३३ टक्क्यांपर्यंत खाली येता येतं, पण वॉल्व्हमधून जायलाही थोडा दाब लागतो, म्हणून ४० च धरा. २५ टक्क्यांच्या आसपास आतला दाब वातावरणाइतका होतो, त्याखाली व्हॅक्यूम. आतला दाब कंडेन्सेट हेडरमध्ये ढकलायला पुरेनासा होतो, म्हणजे इथे ४० टक्क्यांच्या खालची जी अवस्था, तिला स्टॉल म्हणतात. एक्स्चेंजरमध्ये पाणी साचतं, वाफ त्यावर आदळते आणि ठोके ऐकू येतात.

हेडरचा दाब प्रत्यक्ष मोजा असं वर म्हटलं ते यासाठी. इतर मशीनचे ट्रॅप (वाफ अडवून फक्त कंडेन्सेट सोडणारे) फुटके असले तर ०.५ चा हेडर दुपारच्या पाळीत १.५ बार गेजवर गेलेला सापडतो. तेव्हा स्टॉलची रेषा ४० वरून थेट ६० टक्क्यांवर जाते. हेडरवर गेज लावून आठवडाभर प्रत्येक पाळीत वाचन घ्या आणि सर्वांत वाईट आकड्यावर हिशोब करा.

तुमचा नेहमीचा लोड स्टॉलच्या रेषेखाली जात असेल तर कुठलाही कंट्रोल वॉल्व्ह तुम्हाला वाचवणार नाही. तिथे पंप-ट्रॅप (कंडेन्सेट ढकलून बाहेर काढणारा ट्रॅप) लावा, किंवा कंडेन्सेट उताराने व्हेंट असलेल्या टाकीत सोडून तिथून पंपाने परत पाठवा. नुसता व्हॅक्यूम ब्रेकर लावून हा प्रश्न सुटत नाही. तो व्हॅक्यूम मोडतो, पण आतला दाब वातावरणाइतकाच राहतो आणि ०.५ बारच्या हेडरमध्ये पाणी ढकलायला तेवढा पुरत नाही.

५. वॉल्व्ह निवडा

लागणारा केव्ही ४.१. बाजारात केव्हीएस २.५, ४, ६.३, १० असे मिळतात. ६.३ घ्या. लिनियर ट्रिमवर (ट्रिम म्हणजे आतला प्लग आणि सीट; लिनियर म्हणजे जितकी उघडेल त्या प्रमाणात क्षमता) पूर्ण लोडला तो साधारण ६५ टक्के उघडेल, ४५ टक्के लोडला ३८ टक्के. दोन्हीकडे हालायला जागा आहे. चोक झालेल्या वॉल्व्हवर कामाचा दाबफरक फारसा बदलत नाही, म्हणून या लेव्हल लूपवर लिनियर बरी वागते. इक्वल पर्सेंटेज ट्रिम (सुरुवातीला हळू आणि शेवटी भराभर क्षमता वाढवणारी) घेतलीत तर हाच वॉल्व्ह पूर्ण लोडला ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन बसेल.

बॉडीचा आकार वेगळा विचार मागतो. ६.३ केव्हीएस २० किंवा २५ एनबीच्या (एनबी म्हणजे मिमीमधला नाममात्र व्यास) बॉडीत सहज बसतो. पण ताशी ३१७ घनमीटर वाफ २५ एनबीच्या तोंडातून बाहेर पडायची तर वेग सेकंदाला १८० मीटरच्या घरात जातो. ४० एनबीला ७० मीटर, ५० एनबीला ४५. म्हणून मोठी बॉडी आणि रिड्यूस्ड ट्रिम (त्या बॉडीत लहान प्लग-सीट) मागा, निदान ४० एनबी. आउटलेट वेगाची मर्यादा वॉल्व्ह कंपनीकडून लेखी घ्या.

डेटाशीटवर हे स्पष्ट लिहा:

- प्रवाही: सॅच्युरेटेड कंडेन्सेट, फ्लॅशिंग. नुसतं ‘हॉट वॉटर’ लिहिलंत तर कंपनी साध्या पाण्याचा वॉल्व्ह पाठवेल.
- बॉडी: साधं कार्बन स्टील फ्लॅशिंगने आतून घासून पातळ होतं. क्रोम-मॉली किंवा स्टेनलेस घ्या.
- प्लग आणि सीट: हार्डन केलेलं स्टेनलेस किंवा स्टेलाइट चढवलेलं.
- शट-ऑफ दाब: एक्स्चेंजरचा ५ नव्हे, वाफेच्या मुख्य हेडरचा दाब. वाफेचा वॉल्व्ह अडकून पूर्ण उघडा राहिला तर तोच दाब इथपर्यंत येतो. ॲक्च्युएटर त्यावर साइज करा.
- लीकेज: मेटल सीटला क्लास ४, शक्य असल्यास क्लास ५ (आकडा मोठा तशी गळती कमी).
- हवा गेल्यावर: वाफेचा वॉल्व्ह बंद, कंडेन्सेटचा उघडा. मग कंट्रोलर रिव्हर्स ॲक्शनवर लागतो, लेव्हल वाढली की आउटपुट कमी. सुरू करताना हे उलटं राहिलं तर पॉट पाच मिनिटांत भरतो.

अँटी-कॅव्हिटेशन ट्रिमसाठी जादा पैसे देऊ नका. कॅव्हिटेशनमध्ये बुडबुडे होऊन पुन्हा फुटतात, ती ट्रिम त्यासाठी आहे. इथे वाफ वाफच राहते, पुन्हा पाणी होत नाही. फ्लॅशिंगला उत्तर म्हणजे टणक धातू आणि मोकळी वाट.

६. जागा आणि पाइपिंग

वॉल्व्ह रिटर्न हेडर किंवा फ्लॅश व्हेसलच्या (वाफ आणि पाणी वेगळं करणारी टाकी) जितका जवळ नेता येईल तितका न्या. वॉल्व्हच्या आधीची लाइन लांब असली तर फारसं बिघडत नाही, तिथे पाणी आहे. नंतरची लांब असली तर तेवढी लांबी वाफ आणि पाण्याचं मिश्रण धावणार. अँगल बॉडी थेट फ्लॅश व्हेसलच्या नोझलला लावता आली तर सर्वांत उत्तम.

वॉल्व्हच्या आधी: ५० एनबी पाइप, वेग सेकंदाला ०.४ मीटर. मध्ये उलटी चढण अजिबात नको. कोपर कमी. स्ट्रेनरची बास्केट खाली तोंड करून. वाफेच्या लाइनवर ती आडवी ठेवतात, पण इथे लाइन पाण्याने भरलेली आहे. एक्सेंट्रिक रिड्यूसरची सपाट बाजू वर, म्हणजे वाफेचा बुडबुडा अडकून न राहता मागे पॉटमध्ये जाईल.

वॉल्व्हच्या नंतर: ८० एनबीमध्ये वेग १८ मीटर येतो, तो जास्त आहे, म्हणून १०० एनबी. ‘आधी ५० आहे तर नंतरही ५०’ ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी चूक. फ्लँजपासूनच पाइप मोठी करा आणि निदान १० व्यास सरळ जाऊ द्या. वळण द्यावंच लागलं तर एल्बोऐवजी टी लावून समोरचं तोंड जाड प्लेटने बंद करा. पाण्याचे थेंब त्या प्लेटवर आदळतील, एल्बोची पाठ फाटणार नाही. वॉल्व्हनंतर लाइन वर चढवू नका. एक मीटर चढ म्हणजे सुमारे ०.१ बार उलटा दाब, आणि स्टॉलची रेषा तेवढी वर. हेडरला जोडताना वरून जोडा, खालून नाही.

पॉट: ३००० किलो म्हणजे मिनिटाला ५५ लिटर. ३०० एनबीच्या पॉटमध्ये एका मीटरला सुमारे ७३ लिटर मावतात. लेव्हल मोजण्याच्या दोन टॅपिंगमध्ये ७५० मिमी अंतर ठेवलं की एक मिनिटाचा साठा मिळतो. पॉटच्या डोक्यापासून एक्स्चेंजरच्या शेलपर्यंत २५ एनबीची बॅलन्स लाइन हवीच. ती विसरली तर पॉटमधली वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पाणी खाली उतरतच नाही. लेव्हल ग्लास रिकामी, एक्स्चेंजर भरलेला, असं कोडं दिसलं तर आधी बॅलन्स लाइन बघा.

बायपासला ग्लोब वॉल्व्ह लावा, कंट्रोल वॉल्व्हएवढ्याच केव्हीचा. तिथे फुल बोअर बॉल वॉल्व्ह लावला तर तो जरा उघडताच पॉट रिकामा होऊन जिवंत वाफ हेडरमध्ये शिरते आणि शेजारच्या सगळ्या मशीनचे ट्रॅप अडतात.

७. बसवणे

१. वॉल्व्हच्या जागी आधी स्पूल पीस (तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा) लावा. वेल्डिंग, हायड्रो टेस्ट, फ्लशिंग सगळं त्यावर करा. वेल्डिंगचा एक मणी सीटमध्ये अडकला की नवा वॉल्व्ह पहिल्याच दिवशी गळायला लागतो.
२. वॉल्व्ह लावल्यानंतर जवळपास वेल्डिंग करावंच लागलं तर अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या त्याच बाजूला लावा. करंट वॉल्व्हमधून गेला तर स्टेम आणि गाइड खराब होतात.
३. बॉडीवरचा बाण बघा. फ्लॅशिंगसाठीच्या अँगल वॉल्व्हमध्ये काही कंपन्या प्रवाह प्लगच्या वरून देतात, म्हणून सवयीने लावू नका.
४. ॲक्च्युएटर सरळ वर. डोक्यावर तो काढण्याएवढी मोकळी जागा.
५. फ्लँज ओढाताण न होता समोरासमोर यायला हवेत. बोल्ट टाकून जबरदस्तीने पाइप ओढली की बॉडीवर ताण येतो आणि स्टेम अडकतो.
६. बॉडी इन्सुलेट करा, बॉनेट (वरचं झाकण) आणि ग्लँड (स्टेमभोवतीचं पॅकिंग) उघडे ठेवा.
७. गरम झाल्यावर, पहिल्या पाळीनंतर लाइन बंद आणि दाब शून्य करून बोल्ट पुन्हा आवळा.

८. सुरू करणे

थंड एक्स्चेंजर वाफ भराभर खातो, कंडेन्सेट नेहमीपेक्षा बरंच जास्त येतं आणि आत दाब मात्र नसतो. पॉटचा ड्रेन उघडून पहिलं पाणी गटारात सोडा, वाफ हळूहळू वाढवा, हवेचा व्हेंट गरम होईपर्यंत थांबा. दाब २ बार गेजच्या वर स्थिर झाल्यावर ड्रेन बंद करून वॉल्व्ह ऑटोवर घ्या. लेव्हल लूपची सुरुवात प्रपोर्शनल बँड १०० टक्के आणि इंटिग्रल ५ मिनिटांवर करा, मग गरजेप्रमाणे घट्ट करा. वॉल्व्ह सारखा वरखाली हलत असेल तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी पॉझिशनर आणि ग्लँडचं घर्षण तपासा.

९. चालू झाल्यावर काय बघायचं

वॉल्व्हमधून जिवंत वाफ जाते आहे का हे पलीकडच्या पाइपचं तापमान मोजून कळत नाही. चांगलं कंडेन्सेट गेलं तरी तिथे १११ अंश, वाफ गेली तरी जवळपास तेवढंच. तापमापक घेऊन फिरणारे इथेच फसतात. लेव्हल ग्लासकडे बघा: लेव्हल खालच्या टॅपिंगच्या खाली आणि वॉल्व्ह उघडा असेल तर वाफ जाते आहे. अल्ट्रासोनिक यंत्र असेल तर उत्तम.

पहिल्या शटडाउनला ट्रिम काढून हातात घ्या. प्लगचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत झिजलेला असेल, जणू वाळूने घासून पॉलिश केला आहे, तर ते फ्लॅशिंग आहे, अपेक्षित आहे. फक्त किती झिजलं ते मोजून लिहून ठेवा. पण पृष्ठभाग खरखरीत, खडबडीत, भट्टीतल्या जळलेल्या खंगरासारखा टोचलेला असेल तर ते कॅव्हिटेशन. म्हणजे पलीकडचा दाब बाष्पदाबाच्या वर राहतो आहे: एकतर हेडरचा दाब तुम्ही धरला त्यापेक्षा खूप जास्त आहे, नाहीतर कंडेन्सेट एक्स्चेंजरमध्येच साचून थंड होऊन येतं आहे. अशा वेळी नवा प्लग मागवण्याआधी हेडरच्या गेजची आणि पॉटच्या लेव्हलची नोंदवही उघडा.